बांगड्यांच्या नऊ बाया: नेक चंद यांच्या पद्धतीने काम करताना ठेवलेल्या नोंदी

ठिकाण: कोल्हापूर, शाळेच्या मागच्या कुंपणभिंतीलगतची 22 फूट लांब आणि 4 फूट रुंद पट्टी. माणसं: पाच जण आणि लागेल तेव्हा एक गवंडी. वार: शनिवार-रविवार. ठरवलं होतं की 15 डिसेंबर 2024 ला, टाकाऊ सामानातून चंडीगडचं रॉक गार्डन उभं करणाऱ्या नेक चंद सैनी यांच्या जन्माला शंभर वर्षं होतात त्या दिवशी, बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या नऊ मूर्ती उभ्या करायच्या. उभ्या राहिल्या 2 मार्च 2025 ला. मधले अडीच महिने कुठे गेले ते खाली लिहिलंय. हेच काम करायचं असेल तर निदान 1 डिसेंबर आणि 22 डिसेंबरच्या नोंदी वाचून मगच सिमेंटची गोणी फोडा.

5 ऑक्टोबर 2024, चंडीगड

रॉक गार्डन. सुखना तलाव आणि कॅपिटॉल संकुल (विधानसभा, सचिवालय, उच्च न्यायालय) यांच्या मधला पट्टा. कामापुरती माहिती अशी: नेक चंद यांचा जन्म 1924 चा, शकरगड तालुक्यातल्या बरियाँ कलाँ या गावचा. गाव फाळणीत पाकिस्तानात गेलं. 1951 पासून ते चंडीगडात सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यातलं नवं शहर उभं राहत होतं. त्यासाठी जुनी गावं पाडली जात होती आणि राडारोड्याचे ढीग लागत होते. ड्यूटी संपली की सायकलवरून नदीनाल्यातले दगड आणि हा राडारोडा ते रानातल्या एका मोकळ्या जागी आणून ठेवत. जागा सरकारी, तिथे बांधकामाला बंदी, म्हणून सगळं गुपचूप. रात्री उजेडासाठी जुने टायर जाळायचे. (हे करू नका.)

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट: 1958 च्या सुमारास त्यांनी गोळा करायला सुरुवात केली आणि बांधायला घेतलं 1965 मध्ये. सात वर्षं नुसता साठा आणि निवड. आम्ही त्यासाठी तीन आठवडे धरले होते.

आणखी एक. 'अशिक्षित कलावंत', 'आउटसायडर' असं म्हटलं की हातात येईल ते चिकटवणारा भाबडा माणूस डोळ्यापुढे येतो. चित्रकलेच्या शाळेत ते गेले नव्हते हे खरं. पण काँक्रीट हा त्यांचा रोजचा धंदा होता. मसाल्यात पाणी किती, सळईवर माल किती चढवायचा, उन्हात काय तडकतं, हे रस्त्यावर उभं राहून शिकलेला माणूस तो. आमच्या पाच जणांत असा एकही नव्हता, आणि ते जागोजागी दिसेल.

6 ऑक्टोबर, चंडीगड

दुसरा दिवस फक्त मूर्तींसमोर. बघायच्या गोष्टी आधीच ठरवल्या होत्या.

एका गटात एकच सामान. बांगड्यांच्या बाया एकीकडे, कपबशीच्या तुकड्यांची माणसं दुसरीकडे, जळक्या विटांचा खंगर आणखी वेगळा. सरमिसळ फार कमी. एकच मूर्ती थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा, रांगेत, पायऱ्यांसारख्या चढत्या ओट्यांवर. एकटी मूर्ती बघितली तर अगदी साधी, नाक-डोळे नावापुरते. चाळीस जणी एकदम बघायला लागल्या की मात्र पाऊल थबकतं.

मोडतोड कुठे आहे तेही पाहिलं: मनगट, घोटा आणि लहान मुलाचा हात पोचेल त्या उंचीवरचे निखळलेले तुकडे. म्हणजे आमचं काम कुठे मोडणार हे त्या दिवशीच कळलं होतं. तरी 8 डिसेंबरला मोडायचं ते मोडलंच.

26 ऑक्टोबर

गोळा करणं सुरू. दिवाळीच्या आवराआवरीमुळे वेळ बरी साधली. कपबश्या, बरण्यांची झाकणं, चिनी मातीचे जुने किटकॅट फ्यूज: दोन दिवसांत 30 किलो. फ्यूजमधली तांब्याची पट्टी आणि स्क्रू काढून टाकायचे, नाहीतर हिरवा ओघळ येतो.

जळक्या ट्यूबलाइट लोकांनी हौसेने आणून दिल्या. त्यात पारा असतो. फोडल्या नाहीत, ई-कचऱ्याला दिल्या.

बांगड्यांची अडचण वेगळीच निघाली. घरोघरी मागायला गेलं की फुटक्या बांगड्या द्यायला बायका बिचकतात. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं, मग तिचे तुकडे पिशवीत घालून परक्याच्या हातात कोण देणार? उपाय: घरी मागायचं नाही, थेट कासाराकडे जायचं. पेटीतच टिचलेला, कोणीही न घातलेला माल त्याच्याकडे असतो. पहिल्या फेरीत 11 किलो फुकट. त्यातला दोन तृतीयांश हिरवा. रंगसंगती ठरवायचा प्रश्नच मिटला.

10 नोव्हेंबर

निवडणे. आजकालच्या बऱ्याच बांगड्या आतून बिनरंगी काचेच्या आणि वरून रंग, चमकी किंवा सोनेरी मुलाम्याच्या असतात. सिमेंटच्या क्षारात तो मुलामा टिकत नाही. ओळखायची सोपी रीत: चुन्याच्या निवळीत रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी गोणपाटाने चोळा. रंग हाताला लागला की बाद. 11 किलोपैकी उरले 4.2 किलो.

हिशेब असा बसला. बांगडीचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे, कडेवर उभे, एकाला एक लागून. एका चौरस फुटात साधारण 550 तुकडे. एका बांगडीतून चांगले तुकडे सहाच निघतात, म्हणजे चौरस फुटाला 90 बांगड्या, वजनात 450 ग्रॅम. एका घागऱ्याचं क्षेत्र साडेतीन चौरस फूट. नऊ घागऱ्यांना 14 किलो लागणार. घाऊक व्यापाऱ्याकडून तीन फेऱ्यांत आणखी 26 किलो आणले, 20 रुपये किलोने. सगळं निवडल्यावर 14.8 किलो उरले. काठावर पास.

तुकडे करताना: बांगडी पाण्याच्या बादलीत बुडवून टाइल कापायच्या चिमट्याने तोडायची. कपच्या पाण्यातच राहतात. कोरडी तोडली तर त्या डोळ्याकडे येतात. चष्मा आणि जाड हातमोजे यात सूट नाही.

17 नोव्हेंबर

सांगाडे. सायकलचा पुढचा चिमटा उलटा न करता तसाच धरला की दोन पाय आणि वर कण्याची नळी आयती मिळते. भंगारात नग 60 रुपये. नळीत 12 मिमीची सळई घालून वेल्डिंग, डोक्यापर्यंत एकूण उंची 90 सेंटिमीटर. हात 8 मिमीच्या सळईचे.

तीन चुका एकाच दिवसात:

चिमट्यावरचा क्रोम गुळगुळीत असतो, त्यावर माल धरतच नाही. थापीने ठोकलं की टोपी निघावी तसा गोळा निघून येतो. आधी ग्राइंडरने खरवडलं, मग गोणपाटाची तीन बोटं रुंद पट्टी सिमेंटच्या घट्टसर लापशीत बुडवून गुंडाळली आणि वरून बांधणीची तार दर दोन इंचांवर.

नळीची तोंडं उघडी ठेवली. आत पाणी जाऊन आतूनच गंज धरेल. सगळी तोंडं वेल्डिंगने बंद केली. हे आधी केलं असतं तर वेल्डरची दुसरी फेरी, म्हणजे 600 रुपये, वाचले असते.

तिसरी चूक गोणपाटाची. सिमेंटच्या गोण्या वापरू म्हणून वेगळं बारदान आणलंच नाही. नेक चंद यांच्या काळात सिमेंट तागाच्या गोणीत यायचं. ओलं काँक्रीट तागाच्या पोत्यात भरून एकावर एक रचलेल्या त्यांच्या भिंतींवर पोत्याची वीण आजही उमटलेली दिसते. आताच्या गोण्या प्लॅस्टिकच्या विणीच्या, लापशी शोषत नाहीत. मार्केट यार्डातून तागाची 30 बारदानं आणली, 15 रुपये नग.

24 नोव्हेंबर

गाभा भरला. घागऱ्यासाठी कोंबडीजाळीचा शंकू: खाली व्यास 30, वर 15, उंची 45 सेंटिमीटर. आत भरायला 1 भाग सिमेंट, 2 वाळू, 4 भाग फाउंड्रीचा खंगर (भट्टीतली जळकी मळी), अर्ध्या इंचाच्या चाळणीतून काढलेला. खंगर हलका म्हणून निवडला. कोल्हापुरात तो मिळायला तोटा नाही.

सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) घेतलं, ओपीसी 53 (साधं, लवकर ताकद धरणारं) नाही. सावकाश ताकद धरतं, पण उष्णता कमी आणि काचेशी जमवून घेतं. बाटल्यांचा चुरा खडीऐवजी गाभ्यात टाकावा असं एकाचं म्हणणं होतं. टाकला नाही. सिमेंटचा क्षार आणि काच यांची आत हळूहळू प्रक्रिया होते, ओल मिळाली की तिथे फुगवटा येतो आणि मूर्ती आतून तडकते. काच वरच्या कातडीत असली की ही भीती फार कमी.

पहिल्या मूर्तीचं वजन 46 किलो. दोघांनाही जड. पुढच्या मूर्तींत घागऱ्याच्या पोटात एक टिचकं मडकं उपडं बसवलं, वजन 38 वर आलं. मडकं रात्रभर पाण्यात ठेवायचं. कोरडं ठेवलं तर ते मालातलं पाणी पिऊन टाकतं आणि भोवतीचा थर भुसभुशीत राहतो.

झाकायला ताडपत्री आणायची नव्हतीच. 20 तारखेचं विधानसभेचं मतदान झालेलं, गल्लोगल्ली फ्लेक्स उतरत होते, तेच घातले. उमेदवारांचे चेहरे आतल्या बाजूला.

1 डिसेंबर

पहिलं कातडं, म्हणजे तुकडे बसवायचा वरचा थर. सगळ्यात मोठा घोटाळा.

1:3 चा (सिमेंट 1, वाळू 3) करडा माल 12 मिमी जाड लावला आणि त्यात हिरव्या बांगड्यांचे तुकडे दाबले. रात्री सुंदर दिसत होतं. सकाळी वाळल्यावर हिरवा रंग काळा पडलेला. बांगडीची काच अर्धपारदर्शक असते, मागे करडं असलं की तिच्यातून करडंच दिसतं. कपबशीला हा त्रास नाही, तिचा रंग वरच्या झिलईत असतो. आपण करडा वापरून फसलो, कारण आधीची चाचणी कपाच्या तुकड्यांवर केली होती.

दुसरं: एका वेळी चार चौरस फूट माल लावून बसलो. दीड फूट होईपर्यंत बाकीच्यावर पापडी धरली. तुकडा दाबला तर आत जाईना, जोर दिला तर तुटला. एका माणसाने एका वेळी एकच चौरस फूट घ्यायचं. तुकडा निम्म्याहून जास्त, साधारण 60 टक्के, मालात रुतला पाहिजे. त्याहून कमी रुतला तर निघतो, पूर्ण रुतला तर दिसत नाही.

तिसरं, ज्याचं हसू अजून येतं: दंडापासून मनगटापर्यंत अख्ख्या बांगड्या ओवायच्या ठरल्या होत्या. आधी पंजा घडवला, मग बांगड्या घ्यायला गेलो. पंजावरून 60 मिमीची बांगडी जाणार कुठून? कासाराला हे सांगितलं असतं तर त्याने हात दाबून दाखवला असता. पंजा फोडला, सळई उघडी केली, बांगड्या ओवल्या आणि पंजा पुन्हा केला. क्रम लिहून भिंतीवर चिकटवला: सळई, गोणपाट, पहिला थर, बांगड्या, मग पंजा.

8 डिसेंबर

पहिली मूर्ती पाचव्या दिवशी कमरेत धरून उचलली. दोन्ही घोट्यांना आडवी चीर. वर 46 किलो, खाली चिमट्याची निमुळती टोकं आणि त्यांवर जेमतेम 8 मिमी माल. गवंडी मामा लांबूनच म्हणाले, "पाया अंगठ्याएवढा न् वर हत्ती." मूर्ती बाद केली. बांगड्यांचे तुकडे काढायचा प्रयत्न केला, निम्मे तुटले.

बदल: घागरा जमिनीपर्यंत, घोटा दिसायलाच नको. चिमट्याच्या टोकांना 12 मिमीच्या सळया जोडून त्या तळाखाली 9 इंच बाहेर ठेवायच्या आणि ओट्यात रोवायच्या. सळईवर कुठेही 20 मिमीपेक्षा कमी माल नको. दहा दिवस हलवायचं नाही, हलवताना तळाखाली फळी घालून.

14 डिसेंबर

दुसऱ्या मूर्तीच्या पोटावर तांबूस डाग. तीन दिवसांत ते ओघळ झाले. खंगरात लोखंडाचे बारीक मणी अडकलेले असतात, पाणी मारलं की ते गंजतात. उपाय सोपा होता आणि आधीच करायला हवा होता: खंगर पत्र्यावर पसरून वरून लोहचुंबक फिरवायचं. तीन घमेल्यांतून दोन मुठी मणी निघाले. उरलेला ढीग चुंबकातून काढून, दोनदा धुऊन मग वापरला. डागाळलेली मूर्ती टाकली नाही, रांगेत मागे उभी आहे.

15 डिसेंबर

शंभर वर्षं पूर्ण. उभ्या मूर्ती: शून्य.

22 डिसेंबर

पांढरं सिमेंट आणलं. आता मागून उजेड परतावा म्हणून वाळूही पांढरी हवी. आमच्याकडची क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) काळ्या दगडाची, तिच्यामुळे पांढरं सिमेंट पुन्हा करडं होतं. कोणीतरी रांगोळी सुचवली. स्वस्त, पांढरीशुभ्र, कोपऱ्यावर मिळते. 1:2 ने मिसळून लावली. दुसऱ्या दिवशी केसासारख्या बारीक चिरांचं जाळं.

कारण: रांगोळी पिठासारखी बारीक. ती भिजवायला पाणी जास्त लागतं आणि ते पाणी उडून गेलं की थर आकसतो. चार चौरस फूट खरवडून काढले, त्यातले पाऊण किलो तुकडे वाया. बांगड्यांचा साठा मुळातच काठावर होता, त्यामुळे हे सगळ्यात जास्त लागलं. आता एका मूर्तीच्या मागच्या बाजूला बांगड्याऐवजी कपबशी लागणार.

29 डिसेंबर

जमलेला मसाला, अगदी मापासकट: पांढरं सिमेंट 1 भाग, मार्बलच्या बारीक चिप्स (नंबर शून्य) दीड भाग, मार्बलची भुकटी अर्धा भाग. पाणी घालत घालत, मुठीत दाबल्यावर लाडू राहील आणि हाताला पाणी सुटणार नाही इतकंच. खालचा करडा थर आदल्या दिवशीचा, काट्याने आडवा-उभा ओरखडलेला आणि लावायच्या आधी ओलसर. वरचा थर 10 ते 12 मिमी. तुकडे बसवायला वीस मिनिटं मिळतात, डिसेंबरच्या गारठ्यात पंचवीस.

पुसणं: दोन तासांनी ओला स्पंज, हलक्या हाताने, स्पंज दर वेळी पिळून. सहा तासांनी कोरडा नारळाचा ब्रश. राहिलेला पांढरा पडदा ॲसिडने काढायचा मोह होतो. एका हातभर जागेवर काढून पाहिला: पांढऱ्या सिमेंटचा वरचा पदर खाल्ला गेला आणि तुकडे हलले.

12 जानेवारी 2025

रांगेने काम. आधी एक-एक मूर्ती पूर्ण करत होतो. आता सात सांगाडे एकदम, सात गाभे एकदम, मग कातडी. पहिल्या मूर्तीला 31 तास गेले होते, या खेपेला तासांचा आकडा झपाट्याने खाली आला. शेवटच्या मूर्तीला साडेसहा तास लागले.

यात नुसता वेळ वाचत नाही. एकटीवर काम करताना प्रत्येक जण नाक सुधारायला बसायचा, दागिने वाढवायचा, आणि मूर्ती बागेतल्या विकतच्या बाहुल्यांसारखी व्हायला लागली होती. सात जणी शेजारी असल्या की हात आवरतो. चंडीगडच्या त्या रांगांचं गणित थोडं कळलं. 1976 नंतर तर मदतीला 50 मजूर होते, म्हणजे मूर्तीचा आराखडा दुसऱ्याच्या हाताला जमेल इतका सोपा असणं भागच होतं. पण आधीच्या, एकट्याने रात्री केलेल्या कामातही हाच साधेपणा आहे.

25 जानेवारी

काल रॉक गार्डन लोकांसाठी उघडल्याला 49 वर्षं झाली, 24 जानेवारी 1976. त्याआधी हे सगळं सापडलं तेव्हा बारा-एक एकरांवर पसरलं होतं आणि कायद्याने सगळंच बेकायदा होतं. पाडायचं सोडून प्रशासनाने त्यांना पगार आणि माणसं दिली.

आमच्याकडे: ओली तागाची बारदानं गुंडाळून दहा दिवस पाणी मारायचं ठरलं होतं. तीन मूर्तींवर चहासारखे पिवळट डाग. तागाचा रंग पांढऱ्या सिमेंटने प्यायला. करड्या मालाला काही होत नाही, पांढऱ्याला होतं. बाकीच्यांना आधी जुनं धुतलेलं सुती धोतर, त्यावर प्लॅस्टिक. डाग उन्हाने थोडे फिके झाले, गेले नाहीत.

9 फेब्रुवारी

चेहरे. चिनी मातीच्या पांढऱ्या कपाचा गोल तळ अर्धा कापला की डोळा. बुबुळ काळ्या बांगडीचा तुकडा उभा रोवून. तोंड कपाच्या कानाचं. नाक करड्या मालाचं, अंगठ्याने एकदाच दाबून. दुसऱ्यांदा दाबायचं नाही. पोलके बशांच्या तुकड्यांचे, तुकडा एक इंचापेक्षा मोठा नको, नाहीतर वळणावर टोकं उचलली जातात. बशीचा तुकडा बसवताना तिची वळणाची बाजू अंगाच्या वळणाशी जुळवायची. म्हणून तुकडे रंगाबरोबर वळणाप्रमाणेही वेगळे ठेवा: सपाट, थोडे वाकडे, काठाचे. आम्ही फक्त रंगाप्रमाणे ठेवले होते. दीड दिवस पुन्हा निवडण्यात गेला.

23 फेब्रुवारी

धार तपासणी. शाळेची जागा आहे, हात लागणारच. जुना नायलॉनचा पायमोजा हातावर चढवून सगळ्या अंगावरून फिरवायचा. धागा अडकला की तिथे खडू, आणि खडूच्या जागी कार्बोरंडमचा (घासायचा) दगड, ओला. नऊ मूर्तींवर चारशेच्या वर खुणा निघाल्या, सगळ्यात जास्त घागऱ्याच्या खालच्या काठाला. दोन माणसं, अख्खा दिवस. मुलांच्या खांद्याच्या उंचीपर्यंत पुन्हा एकदा तपासलं.

2 मार्च

उभारणी. तीन पायऱ्यांचा ओटा: मागे चार, मधे तीन, पुढे दोन. पायरीची उंची 9 इंच, त्यामुळे मागच्यांचे चेहरे पुढच्यांच्या खांद्यावरून दिसतात.

तळाच्या सळया थेट ओट्यात ओतायच्या होत्या. शेवटच्या आठवड्यात बदललं. प्रत्येक मूर्तीला 40 बाय 40 सेंटिमीटर, 10 इंच जाडीची काँक्रीटची वेगळी पाटली (बैठक). ती ओट्यातल्या खाचेत बसवली आणि फट चुन्याच्या मालाने भरली. कधी हलवायची वेळ आली तर चुना छिन्नीने निघतो, सिमेंट निघत नाही. नेक चंद यांनी 1986 मध्ये वॉशिंग्टनच्या मुलांच्या संग्रहालयासाठी अशीच एक बाग उभी केली होती. 2004 मध्ये ती काढावी लागली. शाळेच्या भिंतीचंही तसंच आहे, उद्या तिथे गाड्या लावायची जागा होऊ शकते. पाटल्यांचा जादा खर्च एक गोणी सिमेंट आणि गवंडी मामांचा एक दिवस.

16 मार्च

बातमी: रॉक गार्डनच्या भिंतीचा एक भाग उच्च न्यायालयाकडच्या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी पाडला. 1990 च्या सुमारास बुलडोझर आले होते तेव्हा लोकांनी मानवी साखळी करून ते अडवले होते. या वेळीही लोक जमले, पण भिंत गेली. पाटल्या वेगळ्या ठेवल्या ते बरं झालं.

खर्च, सगळा: करडं सिमेंट 4 गोण्या 1,560, पांढरं 1,300, वाळू 900, चिमटे 600, सळया 895, वेल्डिंग 1,800, जाळी 450, तार 270, बांगड्या 520, मार्बल 300, तागाची बारदानं 450, कापायचे चिमटे, हातमोजे, चष्मे आणि दगड मिळून 1,480, गवंडी सहा दिवस 5,400. एकूण 15,925 रुपये. यातले सुमारे 2,300 निव्वळ चुकांचे.

दोन आठवड्यांत निखळलेले तुकडे: 11. त्यातले नऊ एकाच मूर्तीचे, पुढच्या रांगेतल्या डावीकडच्या, म्हणजे 29 डिसेंबरच्या पहिल्या घमेल्याच्या. त्या दिवशी खालचा थर ओला करायला विसरलो होतो. तिथे पाणी मारून, छिन्नीने अर्धा इंच खोल करून, त्याच मसाल्याने पुन्हा बसवले. खरी परीक्षा जूनच्या पावसात. शेवटचे उरलेले हिरवे तुकडे डब्यात घालून, तारीख लिहून शाळेत ठेवलेत. दुरुस्तीला तोच रंग पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही.